फायनल फँटसी १४ (फ्री ट्रायल) : डाव्या कोपऱ्यावरून

आधीच सांगते, मी गेमर वगैरे नाही. वय ४४, नोकरी कराडला एका पतसंस्थेत, काउंटरवर. मोबाइलवरचे पत्ते सोडले तर आयुष्यात काही खेळले नव्हते. गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला, स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात घातला आणि जाता जाता त्यात हा गेम टाकून गेला. "मावशी, सत्तर लेव्हलपर्यंत फुकट आहे. बघ तरी." डाउनलोडला अख्खी रात्र नेट चालू ठेवावं लागलं. आता दहा महिने होतील. रात्रीची भांडी आवरली की साडेदहाला मी बसते, आणि घरातले टीव्ही बघताना मधून मधून "झाली का तुझी लढाई?" असं विचारतात.

गेम कसा दिसतो, संगीत कसं आहे, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते यात आपण नेमकं कोण व्हायचं याबद्दल. मला ते कळायला सहा महिने लागले, आणि ज्याला त्याला विचारत बसले त्यामुळेच इतके लागले.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. गुहेत, वाड्यात, किल्ल्यात नेटवरून जमलेल्या चौघांनी मिळून शिरायचं. एक टँक, म्हणजे समोरच्याचा सगळा मार स्वतःवर ओढून घेणारा. एक हीलर, सगळ्यांना जिवंत ठेवणारा. उरलेले दोघे मारणारे, त्यांना डीपीएस म्हणतात. मोठ्या लढाया आठ जणांच्या, त्याहून मोठ्या चोवीस जणांच्या. लढणारे पेशे एकूण २१ आहेत, पण ते सगळे या तीन खोक्यांतच बसतात. फुकटात त्यातले थोडे कमी मिळतात, तरी नवख्या माणसाला गोंधळून जायला पुरेसे.

भाचा म्हणाला, "तू हीलर घे. तुला जमेल." का, तर "तू सगळ्यांचं बघतेस ना." वर त्याने फोनवर एक चाचणी पाठवली, 'तुमची भूमिका ओळखा' छापाची. दहा प्रश्न. मित्र अडचणीत असेल तर तुम्ही काय कराल? आता यावर कोण "पळून जाईन" असं लिहिणार आहे? निकाल आला हीलर. पतसंस्थेतल्या आमच्या शिपायाला भरायला दिली, त्याचाही हीलर आला.

तर मी कॉन्जरर झाले. ग्रिडानिया नावाच्या रानातल्या गावात सुरुवात, हातात काठी, दगड फेकायचे आणि 'क्युअर' मारायचा. पंधराव्या लेव्हलला सस्ताशा नावाची पहिली गुहा येते, समुद्रचाच्यांची. त्या गुहेत प्रवाळ आहे, निळंशार पाणी आहे, कैदेत ठेवलेल्या बायकांच्या खोल्या आहेत. हे मला कधी कळलं? चार महिन्यांनी, दुसऱ्या पेशातून गेले तेव्हा. हीलर म्हणून तीनदा त्या गुहेतून गेले आणि तिन्ही वेळा मी फक्त पडद्याच्या डाव्या कडेला असलेल्या, चौघांचा जीव दाखवणाऱ्या चार हिरव्या पट्ट्या बघत होते. कुणाची कमी झाली, भर. कुणाची कमी झाली, भर. दिवसभर काउंटरवर वेगळं काय करते? पासबुक, स्लिप, "ताई, एवढं जरा बघा ना." रात्री साडेदहाला पुन्हा तोच काउंटर, फक्त समोरच्यांच्या डोक्यावर शिंगं.

तिसऱ्या खेपेला शेवटच्या सरदाराशी लढताना मी हौसेने दगड फेकत राहिले आणि टँक मेला. कुणी काही बोललं नाही. नव्या माणसाच्या नावापुढे हिरवं रोपटं दिसतं, ते बघून लोक सांभाळून घेतात. पण ती रिकामी झालेली पट्टी दोन रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. माझ्यामुळे मेला. खेळातलाच, कुठल्या तरी जर्मन पोराचा असेल, पण माझ्यामुळे.

इथे गेमच्या बाजूने एक सांगायला हवं, कारण मी हीलरवर थोडा अन्याय केला. पंधराव्या लेव्हलला कुठल्याच पेशाकडे त्याची खरी आयुधं नसतात. कॉन्जररचा तिसाव्या लेव्हलला व्हाइट मेज होतो आणि पन्नासला त्याला 'बेनेडिक्शन' मिळतं: एक बटण, आणि मरणाऱ्याची पट्टी काठोकाठ. तिथून पुढे हा पेशा वेगळाच वाटायला लागतो. शिवाय चांगले हीलर मोकळ्या वेळात शत्रूवर मारा करतच असतात, म्हणजे माझी दगड फेकायची हौस चुकीची नव्हती, वेळ चुकली होती. पण हे पहिल्या वीस तासांत तुम्हाला कोण सांगणार? या गेमचा मोठा दोष माझ्या मते हाच. निवड करायला लावतात सुरुवातीला, आणि पेशाची खरी चव लागते पन्नाशीत. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

गुण मात्र असा की निवड बदलायला इथे काही लागत नाही. हा गेम पहिल्यांदा २०१० मध्ये आला तेव्हा इतका फसला की बंद करून नव्याने बांधावा लागला, आणि २०१३ मध्ये आजच्या रूपात परत आला. त्यात जे चांगलं आहे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं हे: एकाच पात्राने सगळे पेशे करायचे. हातातलं हत्यार बदललं की पेशा बदलतो. काठी ठेवली, भाला घेतला, झाले लान्सर. नवा पेशा पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो खरा, पण मागे राहिलेल्या पेशाला अनुभवाचे गुण जादा मिळतात, त्यामुळे दुसऱ्यांदा चढताना तेवढा दम लागत नाही. नाव तेच, चेहरा तोच, कपाटातले कपडे तेच. नापास झालात म्हणून शाळा बदलावी लागत नाही.

भाला मी सूड म्हणून घेतला. शाळेत मी कबड्डी खेळायचे. मला चढाई करायची होती. सरांनी टाकलं डाव्या कोपऱ्यावर. वर्षभर तोंड फुगवून उभी राहायचे. टाळ्या कुणाला, तर चढाईला जाऊन दोन गडी मारून येणारीला. कोपऱ्यावरच्या पोरीचा फक्त गुडघा फुटतो. तर आता ३० वर्षांनी चढाई.

आणि मजा आली, खोटं कशाला बोलू. तिसाव्या लेव्हलला लान्सरचा ड्रॅगून होतो आणि त्याला 'जंप' मिळते. हवेत उंच उडायचं आणि भाल्यासकट शत्रूवर आदळायचं. मी उगाचच उडायचे. रस्त्यावरच्या खारीवरसुद्धा उडायचे. पस्तीसला आणखी एक उडी मिळते, मागच्या मागे. मग टायटन नावाच्या दगडी राक्षसाशी आठ जणांची लढाई आली, अवघड पातळीवरची. गोल मैदान, कडेला कठडा नाही. गडबडीत मी ती मागची उडी मारली आणि सरळ मैदानाबाहेर. पुढची चार-पाच मिनिटं खालून वर बघत पडून होते. भाच्याला सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणे प्रत्येक ड्रॅगून एकदा तरी असा पडतोच.

मला लागलं ते वेगळं. मी पडल्याचं वर कुणाला जाणवलंच नाही. लढाई जिंकली. एक मारणारी कमी झाली तर काम थोडं लांबतं, एवढंच. आणि मारणारे ढिगाने असतात, म्हणून गुहेचं दार उघडायला त्यांना जास्त वाट बघावी लागते. मी वरण फोडणीला टाकून यायचे तरी रांग तशीच. टँक आणि हीलर कमी पडतात, तेव्हा त्यांना वर बक्षीस देऊन बोलावतात. ज्याला टाळ्यांची हौस आहे त्याने ड्रॅगून जरूर व्हावं, टाळ्या स्वतःच वाजवायच्या. एवढी वर्षं जिचा हेवा केला ती चढाई मिळाली, आणि तीन आठवड्यांत मला तिचा कंटाळा आला. कुणाला सांगू?

कुऱ्हाड घेतली ती चिडून. लिम्सा लोमिन्सा नावाचं पांढरंशुभ्र बंदर आहे, तिथल्या कोरल टॉवरमध्ये मरॉडरांचा अड्डा. मरॉडर म्हणजे पुढे वॉरियर, म्हणजे टँक. भाचा म्हणाला, "मावशी, टँक नको. रस्ता माहीत हवा, सगळे तुझ्याकडे बघतात, शिव्या खाशील." हा पोरगा कायम मागे उभा राहून आग फेकणारा काळा जादूगार. त्याला काय माहीत?

पण पहिल्या खेपेला तसंच झालं. तीच सस्ताशा, तेच चाचे. मी पुढे, कुऱ्हाड हातात, पहिल्या घोळक्यावर धावले आणि सगळे शत्रू मला ओलांडून हीलरकडे गेले. मी हाणतेय, ते ढुंकून बघत नाहीत. हीलर बिचारा गोल गोल पळतोय. चॅटमध्ये एकच शब्द उमटला: "स्टान्स?" टँकला एक बटण एकदा दाबून चालू ठेवावं लागतं, त्याने शत्रूचा राग आपल्यावर येतो. वॉरियरचं ते 'डिफायन्स', दहाव्या लेव्हलला मिळतं. मला मिळालं होतं. मी ते खालच्या पट्टीत मांडलंच नव्हतं. भर लढाईत यादी उघडून शोधत बसले, तोवर हीलर गेला, मग मी, मग उरलेले दोघे. सगळे दारापाशी परत. मी टाइप केलं, सॉरी, पहिलीच वेळ. कुणीतरी हसरा चेहरा टाकला. बटण लावलं. पुन्हा धावले. आणि या वेळी सगळे माझ्यावर.

कसं सांगू तुम्हाला. समोरच्या पाच-सहा जणांनी एकदम मान वळवून आपल्याकडे बघावं आणि आपण मागे सरकू नये, हे मला माहीत होतं. पायांना माहीत होतं. आमचे सर ओरडायचे, "तोंड बघू नको तिचं, पाय बघ!" चढाईवाली तोंडाने एक सांगते, पाय दुसरं सांगतात. इथेही राक्षसाच्या अवताराकडे बघणारा मरतो. बघायचं ते जमिनीकडे, जिथे मार पडणार तिथे नारिंगी पट्टा उमटतो, आणि त्याच्या नावाखाली भरत जाणाऱ्या रेघेकडे. दोन खेपांतच मी रेघ अर्धी भरली की बाजूला व्हायला शिकले.

त्याच दिवशी गुहा पहिल्यांदा नीट बघितली. सुरुवातीला एक रक्ताने माखलेली चिठ्ठी पडलेली असते, तिच्यात प्रवाळाचा रंग लिहिलेला असतो. लाल, निळं, हिरवं, त्यातलं बरोबर प्रवाळ शोधून हात लावायचा. आधीच्या तीन खेपांत हे दुसऱ्यांनीच केलं होतं आणि मी पट्ट्या भरत मागून गेले होते. शेवटच्या सरदाराच्या खोलीत जमिनीवर जाळ्या आहेत. त्यातून बुडबुडे येऊ लागले की धावत जाऊन त्या बंद करायच्या, नाहीतर आतून त्याची माणसं वर येतात. हेही नवंच. राक्षसाला धरून उभी होते आणि डोळे मात्र मोकळे होते. हीलर असताना हात मोकळे आणि डोळे बांधलेले, असं होतं माझं. दुसऱ्या कुणाचं उलटं असेल.

माझा हिशेब असा आहे. 'तुम्हाला काय व्हायला आवडेल' हा प्रश्नच कामाचा नाही. मला चढाई आवडायची, तिचं काय झालं ते सांगितलंच. कुठल्या पेशातली चूक आपल्याला पचते, ते बघावं. ड्रॅगूनची चूक कुणाला दिसत नाही, मला ते झोंबलं. हीलरची चूक दुसऱ्याच्या पट्टीत दिसते, माझी झोप उडाली. टँकची चूक चारचौघांत, ढळढळीत, पहिल्या दहा सेकंदांत होते. सगळे मरतात, दारापाशी येतात, तुम्ही सॉरी म्हणता आणि संपलं. गुडघा फुटला, माती लावली, पुढची चढाई. हे मला पचतं. त्या पहिल्या फजितीनंतरही शेवटी कुणीतरी मला 'कमेंडेशन' दिलं होतं, म्हणजे शाबासकी. कुणी दिलं ते दिसत नाही. मला वाटतं त्या हीलरने.

आधीचे दोन पेशे वाया गेले असंही नाही. ड्रॅगून पन्नासला पोचला की त्याचा एक वार राक्षसाच्या पाठीमागून मारला तरच पुरता बसतो. टँक जागच्या जागी नाचत राहिला की राक्षस फिरतो आणि मागच्याचे हाल होतात. मी ते हाल भोगलेत, म्हणून मी राक्षसाचं तोंड पलीकडे करते आणि खांबासारखी उभी राहते. स्टोन व्हिजिल नावाच्या किल्ल्याच्या शेवटी बर्फाचा श्वास सोडणारा ड्रॅगन आहे, तिथे तर हे केलंच पाहिजे, नाहीतर चौघेही गारठतात. आणि किती शत्रू एकदम ओढायचे, हे मी हीलरची पट्टी बघून ठरवते. वॉरियरला बेचाळिसाव्या लेव्हलला 'होल्मगँग' मिळतं: दहा सेकंद काही झालं तरी मरत नाही. छप्पनला 'रॉ इंट्यूशन', त्यात आपण मारू तसा आपलाच जीव भरत जातो. हीलर दमला की या दोन बटणांवर वेळ काढता येतो.

आठ जणांत टँक दोन असतात आणि तिथे मला अजून करमत नाही. डिफायन्स कुणी लावायचं, यावर न बोलता रस्सीखेच चालते. शाळेतही उजव्या कोपऱ्यावरचीशी माझं कधी पटलं नाही.

आणि मार्चएंडला? तेव्हा टँकही नको वाटतो. पिग्मीचे आकडे जुळवून घरी आलं की मी गळ घेते. लढाईशिवाय ११ पेशे आहेत, सुतार, लोहार, सोनार, आचारी, खाणकामगार असे, त्यातलीच एक मासेमारी. लिम्साच्या बंदरातून दर दोन तासांनी एक नाव सुटते, २४ जणांपर्यंत माणसं असतात. सगळे मुकाट गळ टाकून उभे. कुणाचा जीव जात नाही, कुणी विचारत नाही स्टान्स लावलास का. या एका नावेसाठी मी या गेमला अर्धा तारा जास्त देईन. एकूण पाचपैकी साडेचार.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ट्रायलला दिवसांची मुदत नाही, पण खेळातले पैसे तीन लाख गिलच्या वर साठत नाहीत, बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, स्वतः गट बनवता येत नाही, दुसऱ्याने बोलावलं तर जाता येतं. मला तेवढं पुरतं. एकदा पैसे भरून पूर्ण गेम घेतला की त्या खात्यावर ट्रायलमध्ये परत येता येत नाही, आणि मग महिन्याची वर्गणी साधारण १३ डॉलरपासून सुरू, म्हणून घाई करू नका. भारतात सर्व्हर नाही. जपान, अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया यांतून निवडायचं. मी युरोप घेतलं, कारण आपल्याकडे रात्री साडेदहा वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि माणसं भेटतात. माझ्या सर्व्हरचं नाव शिवा. मला वाटलं महादेव, निघाली बर्फाची बाई. सिग्नल लांबून येतो, पण बहुतेक वार अडीच सेकंदांच्या अंतरानेच पडतात, त्यामुळे माझ्या वयाच्या बोटांनाही झेपतं. भाषा इंग्रजी, जपानी, जर्मन, फ्रेंच. पहिल्या पन्नास लेव्हलची गोष्ट रटाळ आहे, इकडचं पत्र तिकडे नेऊन द्या, तिकडची दारूची बाटली इकडे. तेवढं सोसावं लागतं.

लोकांसमोर टँक व्हायची लाज वाटत असेल तर 'ड्यूटी सपोर्ट' वापरा. मुख्य गोष्टीतल्या गुहांमध्ये संगणकाचे तीन सोबती घेऊन जाता येतं. ते हळू मारतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. आणि पंधराव्या लेव्हलला 'हॉल ऑफ द नॉव्हिस' चुकवू नका. प्रत्येक भूमिकेचे छोटे धडे आहेत, स्टान्स लावायचा धडाही त्यातच. मी तो चुकवला होता, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

गेल्या शनिवारी भाच्याने पहिल्यांदाच काळा झगा काढून हीलर घेतला, मावशीची गंमत बघायला. फोन स्पीकरवर. कबड्डीत कोपऱ्यावरचीने घोटा धरला की मधलीने झेप घालून यायचं असतं, साखळी सुटली की कोपरा फरपटत जातो. मी पहिला घोळका उचलला, थांबले नाही, दुसरा उचलला, तशीच भिंतीपर्यंत पळत गेले.

"मावशी, हळू! मावशी, किती आणलेस?"

"बारा आहेत. पट्टी बघ."

"अगं, मला बाकी काही दिसतच नाहीये!"

"नाहीच दिसत," मी म्हटलं आणि होल्मगँग दाबलं.